खुब्यातला कोबाल्ट

नळ सुरू केला की ते लगेच ग्लास धरत नसत. आधी पाणी वाहू देत, मनात वीसपर्यंत मोजत आणि मग ग्लास पुढे करत. स्वतःच्या घरी असोत की दुसऱ्याच्या, यात फरक पडत नसे. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं.

"पहिलं पाणी पाइपाचं असते. टाकीचं मागून येते."

गोंदियात आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो. त्या दिवसांत त्यांचे वीस अंक शेजारच्या बायकांना सोसवत नसत. "साहेब, तुमचे वीस आमच्या बादलीत मोजा नं," असं एकीने तोंडावर सुनावलं. तेव्हापासून ते पहिलं पाणी बादलीत धरून मोगऱ्याला घालू लागले. मोजणं मात्र सोडलं नाही.

गल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणत असे. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे होते. मला ते नावाने हाक मारत नसत. "का पत्रकार, आज कोणाले सोडलं?" अशी सकाळची सलामी असे. कुणाला धरलं असं विचारणारे पुष्कळ भेटतात. कुणाला सोडलं हे विचारणारे ते एकटेच.

तिरोड्याजवळच्या वीजनिर्मिती केंद्रात ते पाण्याचे केमिस्ट होते. त्याआधी आणखी दोन केंद्रांत त्यांनी हेच काम केलं होतं. एकूण एकोणतीस वर्षं. बॉयलरमध्ये फिरणाऱ्या पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यात लोखंड किती, तांबं किती ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे ते काम. मोजमाप पीपीबीमध्ये, म्हणजे अब्ज भाग पाण्यात एक भाग. हे मला समजेना, तेव्हा त्यांनी दवनीवाड्याकडच्या आपल्या गावच्या बोडीचा, म्हणजे लहानशा तळ्याचा, दाखला दिला. "गावची बोडी भरली समज. तिच्यात चिमूटभर मीठ टाकलं. तेवढं."

"तेवढं मोजून काय करता?"

"पाण्यात तांबं दिसलं म्हणजे कुठंतरी नळी झिजून राहिली. नळी बंद लोखंडात हाये, ते दिसत नाई. पाणी दिसते."

त्यांच्या मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न सालेकशाला होतं. मंगल परिणय झाला, पंगती बसायच्या होत्या. साहेबांनी खिशातून तपासणीच्या कागदाची पट्टी काढली आणि पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवली. पट्टीचा रंग पाहून मान हलवली. वरपक्षाकडचा एक जण ते बघत होता. "काऊन, आमच्या पाण्यात विष हाये का?" त्याने विचारलं. "विष नाई, लोह जास्त हाये," साहेबांनी शांतपणे सांगितलं. त्यावरून दोन तास वाद झाला. नवरदेवाच्या मामाने ड्रममधलं ग्लासभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं, तेव्हा पंगत बसली. बहीण पुढचं वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं की मामा प्याला तरी लोह कमी होत नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खरं बोलतात, पण कुठे बोलावं ते त्यांना कळत नाही. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्या शेजारी राहतो.

ते सत्तेचाळीस वर्षांचे असताना तिरोडा रस्त्यावर त्यांच्या मोटारसायकलला रानडुक्कर आडवं आलं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ते जोडलं, पण खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता, गोळा सुकत गेला. नागपूरच्या एका नावाजलेल्या सर्जनने सांधा बदलायला सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं बोलणं मला त्यांच्या पत्नीने सांगितलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून गल्लीला त्या बाई.

साहेबांनी सर्जनला विचारलं होतं, "मिश्रधातू कोणता?"

"कोबाल्ट-क्रोमियम. उत्तम असतो."

"गोळाही तोच, वाटीही तीच?"

"दोन्ही धातूचे. तुम्ही तरुण आहात. प्लास्टिकची वाटी झिजते. ही तुम्हाला पुरून उरेल."

"झिजलेलं जाते कुठं?"

सर्जन बाईंकडे वळले. "मॅडम, साहेब घरीही असेच प्रश्न विचारतात का?"

"घरी याच्याहून जास्त," बाई म्हणाल्या. सगळे हसले. साहेबही हसले. प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. ते राहिलं हे बाईंच्याही लक्षात पुष्कळ उशिरा आलं.

सहा वर्षं सांधा छान चालला. साहेब पुन्हा मोटारसायकल चालवू लागले, मांडी घालणं सोडून सगळं करू लागले. सर्जनचं नाव ते आदराने घेत आणि गल्लीतल्या दोघांना त्यांनी त्याच सर्जनकडे पाठवलंही. हे नोंदवायला हवं.

सातव्या वर्षी जांघेत दुखू लागलं. मग पायऱ्या चढताना खुब्यातून आवाज येऊ लागला, कोरडं बेअरिंग फिरावं तसा. पुढच्या चार-पाच वर्षांत हातापायांना मुंग्या. मग घरातल्या टीव्हीचा आवाज रस्त्यावर ऐकू यायला लागला. त्यावरून बाईंचं आणि त्यांचं रोज वाजायचं.

नागपूरला एक्स-रे झाला. सर्जनने तो दिव्यावर लावला, पेनाने गोळा दाखवला, वाटी दाखवली. "किती सुंदर बसलाय बघा. विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा. दुखणं स्नायूंचं आहे. कानाचं वयाचं."

"एक्स-रेत नळी दिसते," साहेब म्हणाले. "पाणी नाई दिसत."

सर्जनला हे कळलं नाही. कळायला त्यांनी साहेबांकडून बॉयलरच्या नळीचं ऐकायला हवं होतं.

त्या आठवड्यात साहेबांनी मला ओसरीवर बसवून सगळं समजावलं. माझ्या वहीत ते तारखेसह आहे. धातूच्या अंगावर ऑक्साइडचं पातळ कवच असतं, त्याच्या जोरावर धातू टिकतो. गोळा वाटीत फिरला की कवच खरवडतं. उघडा पडलेला धातू लगेच नवं कवच धरतो, पण ते धरेपर्यंत थोडा विरघळतो. "पाऊल टाकलं की एकदा. आता दिवसाची पावलं मोज." सांध्यातला द्रव म्हणजे साधं पाणी नव्हे. त्यात क्षार आहेत, प्रथिनं आहेत आणि प्रथिनं धातूला धरून पुढे नेतात.

"क्रोमियम आळशी," ते म्हणाले. "झिजला तिथंच आजूबाजूच्या मांसात जाऊन बसते. कोबाल्ट फिरस्ता. रक्तात उतरते, किडनीतून लघवीत निघते. किडनी काढते तेवढं निघालं. बाकीचं फिरून राहिलं. हृदयात जाईन, कानाच्या नसेत जाईन. जिथं झिजते तिथं दुखणं दिसत नाई, भलतीकडे दिसते. आमच्या प्लांटात कंडेन्सरची नळी झिजे अन् तांबं जाऊन बसे टर्बाइनच्या पात्यावर."

"हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं?" बातमीदाराला हा प्रश्न विचारावाच लागतो.

"बॉयलरनं."

मी तेवढं लिहून घेतलं नाही. बॉयलर हा स्रोत चालत नाही.

पुढे त्यांनी इंटरनेटवर वाचलं की काही देशांत धातूवर धातूचे सांधे बसवणं जवळपास थांबलं आहे, आणि ज्यांना बसवले त्यांच्या रक्तातला कोबाल्ट वेळोवेळी मोजतात. साहेबांना मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून मोजायचं ठरवलं. आकडा मोठा आला तर सांधा काढून दुसरा बसवता येतो. काढला की कोबाल्ट उतरतो. पण तो हृदयावर बसण्याआधी काढायला हवा. एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी एक कागद लागत होता.

गोंदियात रक्तातला कोबाल्ट मोजणारं यंत्र नाही. इथली लॅब रक्त घेते आणि मुंबईला पाठवते. त्यासाठी धातूचा अंश नसलेली खास नळी लागते, ती लॅबमध्ये संपली होती. "पंधरा दिवसांनी या काका," लॅबमधली मुलगी म्हणाली. एकोणतीस वर्षं नमुने घेतलेल्या माणसाला नळीसाठी पंधरा दिवस थांबणं पटलं नाही. त्यांनी घरी पॉलिथिनच्या दोन बाटल्या नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवल्या, डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुतल्या, झाकणं लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि लॅबमध्ये घेऊन गेले. मी सोबत होतो.

"पोलादाची सुई नको. सलाइनची प्लास्टिकची नळी लाव," त्यांनी सांगितलं. तिने लावली. रक्त येऊ लागलं तसा त्यांनी हात वर केला. "पहिलं दहा मिलि फेकून दे."

"काका, रक्त कोणी फेकते का?"

"ते सुईचं हाये. माझं मागून येते."

ती हसली, पण तिने फेकलं. त्यानंतरचं रक्त पहिल्या बाटलीत घेतलं, गोठू नये म्हणून औषधाचा थेंब टाकला. दुसऱ्या बाटलीत साहेबांनी नुसतं डिस्टिल्ड पाणी भरलं आणि तोच थेंब तिच्यातही टाकायला लावला. ही त्यांच्या धंद्याची रीत. रक्तात धातू सापडला आणि पाण्यात सापडला नाही, तर बाटलीवर आणि औषधावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

फॉर्मवर 'नमुन्याचे पात्र' असा रकाना होता. तो कुणीही भरत नाही. मुलगी म्हणाली, "राहू द्या काका, त्याले कोणी पाहत नाई." साहेबांनी पेन काढलं. बारीक अक्षरात लिहिलं: रुग्णाने स्वतः आणलेली पॉलिथिन बाटली, नायट्रिक आम्लाने स्वच्छ केलेली, तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने धुतलेली. खाली सही केली आणि वेळ टाकली.

त्या तीन ओळींनी त्यांचं आयुष्य ठरवलं, असं आज म्हणता येतं. त्या दिवशी मला ते फार व्यवस्थित काम वाटलं होतं.

नऊ दिवसांनी अहवाल आला. रक्तात कोबाल्ट एक्केचाळीस पीपीबी. जिथे दोन-चार आकड्यालाच डॉक्टर सावध होतात, तिथे एक्केचाळीस. दुसऱ्या बाटलीबद्दल लिहिलं होतं: रक्त आढळले नाही, नमुना रद्द. आणि अहवालाच्या तळाशी छोट्या टायपात एक टीप होती. पात्र रुग्णाने पुरवलेले असल्याने निष्कर्षाचा अर्थ सावधगिरीने लावावा.

साहेब अहवाल घेऊन नागपूरला गेले. सर्जनने आकडा वाचला, मग टीप वाचली आणि टिपेवर बोट ठेवलं. "बाटली तुम्ही आणली?"

"हो. तुमच्या नळीपेक्षा साफ होती."

"असेल. पण याच्यावर मी तुमचा चांगला बसलेला सांधा फोडून काढू?" त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्यानंतर मी सर्जनला भेटलो. दुसरी बाजू घ्यावी लागते. ते सौजन्याने बोलले, चहा दिला. "तुम्ही पत्रकार आहात," ते म्हणाले. "कुणी स्वतःच्या खटल्यात स्वतःच पुरावा गोळा करून आणला, तर तुम्ही छापाल?" मी चहा संपवला आणि वही मिटली. मी बावीस ओळींची बातमी पाठवली. पेपरच्या डेस्कने विचारलं, दुसरा अहवाल आहे का? नव्हता. बातमी थांबली. डेस्कची चूक नव्हती. मी तिथे असतो तर हेच विचारलं असतं.

मी साहेबांना म्हणालो, "पंधरा दिवस थांबून त्यांच्या नळीत पुन्हा रक्त द्या."

"पहिला खोटा होता का?"

"खोटा कोण म्हणते? पण मानत नाहीत."

"मंग त्यांनी मानावं. एकोणतीस वर्षात माझा एक नमुना परत आला नाई. आता माझ्याच रक्ताचा परत घेऊ?"

बाईंनी खूप समजावलं. एकदा तर त्या लॅबमधून नळी घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवली. "तुमच्या पाया पडते, एवढं द्या," म्हणाल्या. साहेबांनी नळी उजेडात धरून पाहिली. "हिले कोणी धुतलं? कशानं धुतलं? लिहिलं हाये का कुठं?" त्यांनी ती परत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सगळा वेळ मुंबईच्या लॅबला पत्र लिहिण्यात जाऊ लागला. दुसऱ्या बाटलीतलं पाणी का मोजलं नाही, एवढा एकच प्रश्न. चार पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं: पाण्याच्या तपासणीसाठी कृपया आमच्या पर्यावरण विभागाशी संपर्क साधावा.

हे वाचून ते बराच वेळ हसले. मीही हसलो. बाई आत निघून गेल्या.

असं वर्ष गेलं. मी त्यांना आणखी जोर लावून सांगू शकलो असतो. दोन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. निवडणूक होती, मग धान खरेदीचा घोटाळा होता. कारणं खरी आहेत.

वर्षअखेर त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. नोकरी सुटली होतीच. लोक त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलू लागले. बाईंनी शाळेतली जुनी पाटी आणली होती. मी पाटीवर लिहिलेल्यात साहेबांनी शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या. मग ओसरीवरून फाटकापर्यंत जाताना त्यांना मध्ये थांबावं लागू लागलं. पाय सुजले. बाईंनी त्यांना न विचारता गाडी ठरवली आणि नागपुरात दुसऱ्या दवाखान्यात, हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं.

ती डॉक्टर तरुण होती. तिने सोनोग्राफीत हृदय पाहिलं. मोठं झालेलं, सैल, जेमतेम हलणारं. रक्तवाहिन्या मोकळ्या, बीपी नाही, दारू नाही. तिने पाटीवर लिहिलं, "अंगात काही बसवलेलं आहे का?"

साहेबांनी पाटी वाचली. बाई सांगतात, त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांना हा प्रश्न विचारणारी ती पहिली डॉक्टर होती.

या वेळी रक्त दवाखान्याच्या नळीत गेलं. साहेबांनी हरकत घेतली नाही. फक्त "पहिलं सोडा" एवढं म्हणाले, आणि तिथल्या नर्सने सांगितलं की या तपासणीत आम्ही पहिलं सोडतोच, तशी पद्धतच आहे. खुब्यातलाही द्रव सुईने काढला. सिरिंजमध्ये राखाडी-काळं, साचलेल्या गटारासारखं काहीतरी आलं. साहेब मान वळवून बघत होते.

"आता दिसलं," ते म्हणाले.

रक्तात कोबाल्ट एकशे अठरा. सांध्यातल्या द्रवात त्याच्या कित्येक पटीने, क्रोमियम तर त्याहूनही जास्त. झिजला तिथेच बसलेला. ओसरीवर त्यांनी जे सांगितलं होतं, ते आता सहीशिक्क्यासह छापलेलं होतं.

डॉक्टरने सांधा काढायला हवा असं लिहिलं. भूलतज्ज्ञाने हृदय पाहून नकार दिला. या हृदयाला इतकी मोठी भूल सोसणार नाही. आधी औषधांनी हृदय सुधारू द्या, मग बघू. धातू आत असेपर्यंत हृदय सुधारणार नव्हतं. हृदय सुधारेपर्यंत धातू निघणार नव्हता.

घरी आल्यावर मी भेटायला गेलो. मी पाटी हातात घेतली. त्यांनीच सुरुवात केली. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो, तसा त्यांचा झाला होता. "पंप बदलायले प्लांट बंद करा लागते, पत्रकार. अन् हा प्लांट बंद केला का पुन्हा सुरू होत नाई. समजलं?"

मी मान हलवली.

"साधी गोष्ट हाये. मागच्या वर्षी बंद होत होता."

एवढंच म्हणाले. मागच्या वर्षी कुणामुळे राहिलं, याचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर कधी मांडला नाही. सर्जन, लॅब, डेस्क, मी, ते स्वतः. बाईंनी मात्र पाटी उचलली, काही लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली. मला ती उलटी दिसत होती, तरी वाचता आली. "तुमच्या बाटलीनं नेलं तुम्हाले." साहेबांनी वाचलं, खिशातून पेन्सिल काढून 'बाटलीनं' खोडलं आणि वर 'खरं लिहिल्यानं' असं लिहिलं. बाईंनी पाटी पुसून टाकली.

आता दुसरा अहवाल माझ्या हातात होता. मी बातमी पुन्हा पाठवली, दोन्ही आकड्यांसह. सर्जनची दुसरी बाजू घेतली, तेव्हा त्यांनी जुना केसपेपर मागवून दाखवला. त्या दिवशी त्यांनी जे लिहिलं होतं ते असं होतं: गरज वाटल्यास तपासणी पुन्हा करावी. कुणाला गरज वाटल्यास, ते लिहिलेलं नव्हतं. कागदाने त्यांना वाचवलं.

बातमी चार दिवसांनी आरोग्य पुरवणीत आली. मथळा होता, 'कृत्रिम सांधा आहे? मग नियमित तपासणी हवीच!' साहेबांचा उल्लेख 'विदर्भातील एक रुग्ण' असा एका वाक्यात होता. बाकी मजकूर तज्ज्ञांचा सल्ला. तज्ज्ञ म्हणून नागपूरच्या त्याच सर्जनचा फोटो होता. पुरवणीच्या डेस्कला दोन्ही गोष्टींचा संबंध ठाऊक नव्हता. माझ्या मूळ मजकुरात तो होता. तो कापला गेला होता.

अंक घेऊन मी जावं की नाही, याचा विचार केला. गेलो तेव्हा अंक आधीच त्यांच्या मांडीवर होता. फोटो त्यांनी पाहिला असणारच. लाल रेघ मात्र आकड्यावर मारली होती. छपाईत पीपीबीचं पीपीएम झालं होतं, म्हणजे हजारपट.

"हजारपट मेलो मी तुझ्या पेपरात," ते म्हणाले. मग दम लागला, म्हणून थांबले. दम आल्यावर पुन्हा म्हणाले, "एवढा कोबाल्ट असता तर मी असा बसून राहिलो असतो का बे?"

मी पाटीवर 'माफ करा' असं लिहिलं. त्यांनी वाचून पाटी बाजूला ठेवली आणि मला चहा पिऊन जायला सांगितलं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते गेले. एकसष्ट वर्षांचे होते. दुपारी जेवून आडवे झाले होते, बाई पाणी घेऊन आल्या तेव्हा संपलं होतं. गावाहून माणसं आली, कित्येकांच्या पायाला चिखल तसाच होता. त्रिशरण-पंचशील झालं. गल्लीतल्या बायका रडल्या. मी मृत्यूचा दाखला पाहिला, कारण निधनवार्ता मलाच पाठवायची होती. कारणाच्या रकान्यात 'हृदयक्रिया बंद पडणे' असं होतं. धातूचा उल्लेख नव्हता. दाखल्यात नाही ते बातमीत लिहिता येत नाही. मी नाव, वय, जुनी नोकरी, मागे पत्नी आणि दोन मुली, एवढं लिहिलं आणि कारणाची जागा मोकळी ठेवून मजकूर पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. घरात माणसं असावीत, मागे बोलणं ऐकू येत होतं. त्यांचा आवाज शाळेतला होता.

"भाऊ, 'अल्पशा आजाराने' हे तुम्ही लिहिलं का?"

"नाही, बाई. जागा रिकामी असली की डेस्कवर तसं लावतात."

"अल्पसा?" त्या म्हणाल्या. "आठ वर्षं होती नं."

मी समोरचा अंक उघडून ती ओळ पाहिली.

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात नं पेपरात? तेवढी छापा. बाकी काही नको."

मी विचारून सांगतो म्हणालो. विचारण्यासारखं काही नव्हतं, नियम मला ठाऊक होता. निधनवार्तेची दुरुस्ती आमच्याकडे एकाच कारणासाठी छापतात, नाव चुकलं असेल तर. फोन ठेवून मी अंक पुन्हा उघडला आणि ती चार ओळींची बातमी अक्षर अक्षर लावून वाचली.

नाव बरोबर होतं.